गुरुवारी मी आजारी होते की नव्हते? जपानमधल्या एका इंग्रजी टीचरच्या चार सुट्ट्यांचं प्रकरण

केस तशी छोटीच आहे. जानेवारी २०२५, सोमवारी संध्याकाळी ताप भरला, मंगळवार ते शुक्रवार चार दिवस शाळेत गेले नाही आणि हातात आलेल्या पगारात तेवीस हजार येन कमी होते. एवढंच. पण हे पैसे कुणाच्या सांगण्यावरून कापले गेले आणि परत मागायचे तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हे शोधण्यात दोन महिने गेले. जपानला इंग्रजी शिकवायला यायचंय असं म्हणणारी बरीच मराठी मुलंमुली मला विचारतात की काम कसं असतं, तर मुलं किती गोड आहेत हे सांगत बसण्यापेक्षा मी आता हेच प्रकरण सांगते. (मुलं गोड आहेतच, त्याबद्दल तक्रार नाही.)

आधी थोडी कुंडली. मी साताऱ्याची, बीए इंग्रजी पुण्यातून, तिथेच जपानीचे क्लास लावून एन-३ पर्यंत, म्हणजे जपानी परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत पोचले. पुण्यात जपानी शिकणारे पैशाला पासरी, त्यामुळे त्यात काही विशेष नाही. खरी अडचण वेगळी होती, इथे "नेटिव्ह" लागतो, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला. आपण भारतीय, मग कसं? तर बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा कागद दाखवला की चालतं, म्हणून शाळेची दहा आणि ज्युनिअर कॉलेजची दोन असे दोन बोनाफाईड काढायला बाबांनी किती चकरा मारल्या ते त्यांनाच माहीत. एप्रिल २०२४ मध्ये तोचिगी प्रांतातल्या एका छोट्या गावात दोन प्राथमिक शाळांवर एएलटी म्हणून लागले. एएलटी म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, वर्गातला मुख्य शिक्षक जपानी आणि आपण त्याच्या जोडीला. २०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर, मार्कांचा विषय झालाय, वर्षाला ७० तास, आणि तिसरी-चौथीला ३५ तास बिनमार्कांचं. प्राथमिकला इंग्रजी बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकच शिकवतो, ज्याने स्वतः कॉलेजनंतर इंग्रजी तोंडातून काढलेलं नसतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना मागणी.

आता मुख्य गोष्ट, जी मला निघण्याआधी कुणी धड समजावली नव्हती. एकाच कामाला एएलटी वेगवेगळ्या दारांनी येतात. सरकारी जेट प्रोग्रॅम १९८७ पासून चालू आहे, त्यातून आलेले थेट सरकारी करारावर. काही ठिकाणी गावाचं शिक्षण मंडळ स्वतःच नेमतं. आणि आमच्यासारखे बरेच जण कंपनीतून येतात, म्हणजे शिक्षण मंडळ कंपनीला काँट्रॅक्ट देतं आणि कंपनी आम्हाला शाळेत पाठवते. त्यातही दोन तऱ्हा. एक हाकेन, यात माणूस कंपनीचा पण रोजचं काम शाळा सांगू शकते. दुसरी ग्योमु इताकु, म्हणजे कामाचा ठेकाच कंपनीला दिलेला, त्यात शाळेने एएलटीला थेट सूचना द्यायची नाही, कागदोपत्री तरी नाही, दिली तर तो ठेक्याच्या नावाखाली माणूस वापरल्याचा प्रकार होतो. माझी एक मैत्रीण शेजारच्या गावात इताकुवर आहे, तिच्या वर्गशिक्षिकेला "उद्या फळांची नावं घेऊ या का" एवढं विचारायलाही अवघडल्यासारखं होतं. मी हाकेनवाली. पगार महिना दोन लाख तीस हजार येन, ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून अर्धा. करारात आठवड्याचे साडेएकोणतीस तास. हा आकडा इथे बदनाम आहे, कारण फुलटायमच्या तीन चतुर्थांश म्हणजे तीस तास झाले की कंपनीला आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये घ्यावंच लागायचं, म्हणून अर्धा तास खाली. नंतर सरकारने नियम घट्ट केला, २०२२ पासून शंभरावर माणसं असलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ पासून पन्नासावर माणसं असलेल्या कंपनीत आठवड्याला वीस तासवाल्यालाही विमा द्यावा लागतो, त्यामुळे मी विम्यात होते. आकडा मात्र करारात तसाच राहिला. सव्वाआठला शाळेत, चारला बाहेर, आणि मधले रिकामे तास व जेवणाची वेळ "ब्रेक" म्हणून वजा. जेवणाच्या ब्रेकमध्ये मी पाचवीच्या वर्गात छोट्या खुर्चीवर गुडघे मुडपून मुलांबरोबर जेवत असते आणि "व्हॉट्स युअर फेव्हरेट फूड" चालू असतं, तो ब्रेक.

आजार तिथूनच आला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आदल्या शुक्रवारी पाचवीत नऊ मुलं गैरहजर होती, फ्लू. इथे दुपारचं जेवण, क्यूशोकु, शाळेतच असतं, मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात, आणि गैरहजर मुलांचा वाटा उरला की त्यावर जानकेन, आपल्या दगड-कागद-कात्रीसारखं. त्या दिवशी नऊ मिकान (इथलं संत्रं) जेली उरल्या. म्हणजे काय झालं असेल बघा, अख्खा वर्ग उठून समोर आला, "साईशो वा गू" (आधी दगड) अशी आरोळी, सगळे एकमेकांच्या तोंडासमोर हात नाचवतायत, आणि माझ्या शेजारचा पोरगा मास्क हनुवटीवर ओढून प्रत्येक राउंडला खोकतोय. तो जिंकला. जेली घेऊन आला, अर्धी खाल्ली आणि उरलेली मला देऊ केली, "मिस, यू ईट." मी खाल्ली नाही हे इथे नोंदवून ठेवते, तरी व्हायचं ते झालंच. सोमवारी त्या वर्गाला गाक्क्यू हेइसा लागलं, म्हणजे तेवढा एक वर्ग काही दिवस बंद, आणि संध्याकाळी सातला मला ३८.९ सेल्सिअस ताप.

मंगळवारी सकाळी सातच्या आत कंपनीच्या को-ऑर्डिनेटरला मेसेज, हा नियम. तो मग शाळेला कळवतो. मी दवाखान्यात गेले, पार्किंगमध्ये गाडीतच बसायला सांगितलं, नर्सने खिडकीतून नाकात काडी घातली, पंधरा मिनिटांनी "ए टाईप" म्हणून निकाल. औषध घेतलं. दुपारी शाळेतून थेट फोन, क्योतो-सेन्सेईंचा. (म्हणजे उपमुख्याध्यापक, क्योतो शहराशी काही संबंध नाही, मलाही पहिला महिना तसंच वाटायचं.) फार चांगला माणूस, अगदी हळू जपानीत बोलतो माझ्याशी. म्हणाले, शनिवारपर्यंत आराम करा, मग सोमवारी या, ओदाइजी नि, म्हणजे काळजी घ्या. हा शनिवार कुठून आला? शाळेतल्या मुलांसाठी नियम आहे, लक्षणं सुरू झाल्यानंतर पाच दिवस आणि ताप उतरल्यानंतर दोन दिवस, दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय शाळेत यायचं नाही. लक्षणं सोमवारी, तो शून्य धरायचा, मग पाचवा दिवस शनिवार. नियम मुलांचा आहे, शिक्षकांना कायद्याने तो लागू नाही, पण शाळा मोठ्यांनाही तोच लावतात, आणि मला त्यात चूक वाटत नाही, पस्तीस मुलांच्या वर्गात फ्लू घेऊन कोण उभं राहील.

बुधवारी सकाळी ताप उतरला. गुरुवारी मी ठणठणीत. खरंच ठणठणीत, सकाळी उठून पोहे केले (पोहे टोकियोहून पार्सल मागवलेले, जपून वापरते), कपडे धुतले आणि साडेसहाला को-ऑर्डिनेटरला मेसेज टाकला की ताप नाही, बरी आहे, आज शाळेत जाऊ का? पावणेसातला उत्तर आलं, "शाळेच्या नियमाप्रमाणे शनिवारपर्यंत घरीच राहा." मी अंगठा पाठवला. गुरुवार शुक्रवार घरी बसून सहावीच्या ग्रॅज्युएशनसाठी नावांची कार्डं कापली, फुकटात.

पगाराची स्लिप आली तेव्हा कळलं. मंगळवार-बुधवार नेनक्यू, म्हणजे पगारी रजा, मला न विचारता लावलेल्या. गुरुवार-शुक्रवार "केक्किन", गैरहजर, दिवसाला साडेअकरा हजार प्रमाणे तेवीस हजार वजा.

तुम्ही म्हणाल चारही दिवस पगारी रजा का नाही टाकल्या. नव्हत्याच. इथे लागल्यावर सहा महिन्यांनी दहा दिवस मिळतात, म्हणजे मला ऑक्टोबरात मिळाल्या. त्यातल्या पाच कंपनीने आधीच हिवाळ्याच्या सुट्टीत ठरवून टाकलेल्या, जेव्हा शाळाच बंद असते. कायद्यात हे बसतं, पाच दिवस माणसाच्या हातात ठेवून वरचे दिवस कंपनीने कामगारांशी करार करून आधी ठरवायचे अशी सोय आहे, आणि एएलटी कंपन्या तिचा पुरेपूर फायदा घेतात. माझ्या पाचांतल्या तीन गेल्या लायसन्सपायी. आरटीओचं इंटरनॅशनल परमिट एक वर्ष चालतं, मग भारतीय लायसन्स जपानी करून घ्यायचं, ते सेंटर फक्त वर्किंग डेला चालू, पहिल्या दिवशी लेखी पास झाले, मग दोनदा ट्रायलमध्ये नापास. साताऱ्यात बारा वर्षं गाडी चालवली आणि इथे डाव्या आरशात बघताना मान पुरेशी वळली नाही म्हणून घरी पाठवतात. असो. उरल्या दोन.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या सेन्सेईंनाही (शिक्षिकेला) त्याच आठवड्यात फ्लू झाला, त्यांना ब्योक्यू, वेगळी पगारी आजारपणाची रजा, एक येनही कापला गेला नाही. काही जेटवाल्यांच्या करारातही साधारण तशी सोय असते. त्यांच्यावर माझा राग नाही, पण एकाच जेलीचा प्रसाद दोघींना आणि हिशोब दोन.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मी आधी को-ऑर्डिनेटरला विचारलं, तो म्हणाला शाळेने येऊ नका सांगितलं, आम्ही नाही. क्योतो-सेन्सेईंना विचारलं, ते बिचारे कावरेबावरे झाले, म्हणाले पगाराचं आमच्याकडे काहीच नसतं, कंपनीशी बोला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर गुपचूप खोकल्याच्या गोळ्या ठेवून गेले. शिक्षण मंडळ तर आमच्याशी बोलतच नाही, त्यांचं बोलणं कंपनीशी. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच. यात कुणी वाईट माणूस नव्हता. प्रत्येक जण आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होता, आणि ते तेवीस हजार मात्र कुणाच्याच कागदावर नव्हते.

मी मग रोदो किजुन कान्तोकुशोमध्ये गेले, म्हणजे कामगार कायदा पाळला जातो की नाही बघणारं सरकारी ऑफिस. तिथे सल्ल्याचा काउंटर असतो, फुकट, आणि तुमच्या व्हिसाची उलटतपासणी करत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. साठीच्या आसपासचे एक काका होते. त्यांनी कोरा कागद घेतला, चार चौकोन काढले, मंगळ बुध गुरु शुक्र, आणि पेन्सिलने विचारायला लागले, इथे ताप होता? इथे? इथे? दोन चौकोनांत फुली मारली, दोन रिकामे ठेवले. मग रिकाम्या चौकोनांवर पेन्सिल आपटून म्हणाले, प्रश्न एवढाच आहे, या दोन दिवशी तुम्ही काम करू शकत होतात का, आणि नका येऊ असं कोण म्हणालं.

त्यांनी समजावलं ते असं. साध्या फ्लूमध्ये माणूस खरंच आजारी असेल आणि येऊ शकत नसेल, तर ती त्याची रजा, कंपनी पगार द्यायला बांधील नाही. पण माणूस काम करू शकतो आणि तरी कंपनीने खबरदारी म्हणून घरी बसवला, तर ती कंपनीच्या बाजूने झालेली बंदी, आणि मग क्यूग्यो तेआते, म्हणजे कामबंदीचा भत्ता द्यावा लागतो, सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के. आणि हाकेनमध्ये शाळा काहीही म्हणो, मालक कंपनीच, द्यायचं तर तिनेच. शाळेने सांगितलं हे कारण पुढे करून कंपनी सुटत नाही.

मी खूश. तेवीस हजारांचे ६० टक्के म्हणजे तेरा हजार आठशे, मनात हिशोब झालासुद्धा. काका हसले. सरासरी वेतन काढताना मागच्या तीन महिन्यांचा पगार भागिले कामाचे दिवस नाही, कॅलेंडरचे सगळे दिवस, शनिवार रविवार धरून. ऑक्टोबर ते डिसेंबर सहा लाख नव्वद हजार, भागिले ९२, म्हणजे दिवसाला साडेसात हजार. त्याचे ६० टक्के साडेचार हजार. दोन दिवसांचे नऊ हजार. कापताना साडेअकरा हजाराने कापायचं आणि देताना साडेचार हजाराने द्यायचं, दोन्ही कायदेशीर! ६० टक्के प्रत्यक्षात ४० पण भरत नाहीत, हे गणित मी नंतर स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना करून दाखवलं, तेही दोन मिनिटं गप्प बसले.

आता खरी गंमत. काकांनी दुसरा रस्ताही सांगितला. मी कंपनीच्या आरोग्य विम्यात आहे ना, मग शोब्यो तेआते, आजारपणाचा भत्ता. सलग तीन दिवस आजारी राहिलात की चौथ्या दिवसापासून रोजच्या ठरलेल्या वेतनाचे दोन तृतीयांश विमा देतो, आणि त्या तीन दिवसांत पगारी रजा असली तरी ते मोजले जातात. माझ्या पगाराला विम्याच्या तक्त्यात दोन लाख चाळीस हजारांची पायरी, भागिले तीस आठ हजार, दोन तृतीयांश ५,३३३. मंगळ बुध गुरु हे तीन, मग शुक्रवार आणि सुट्टीचा असूनही शनिवार धरला जातो, दोन दिवसांचे १०,६६६. नऊ हजारांपेक्षा जास्त! शिवाय कंपनीशी भांडण नाही, पैसे विमा देणार. फक्त फॉर्मवर डॉक्टरने लिहायचं की या काळात ही काम करण्याच्या स्थितीत नव्हती. त्या सहीचे दवाखान्यात माझ्या वाट्याला ३०० येन. (गावाच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात असता तर हा भत्ता सहसा नसतोच, साडेएकोणतीस तासांचा खेळ का महत्त्वाचा ते इथे कळतं.)

म्हणजे बघा, इकडे आड तिकडे विहीर. पहिल्या कागदासाठी गुरुवारी मी ठणठणीत असायला हवी. दुसऱ्या कागदासाठी गुरुवारी मी आजारी असायला हवी. दोन्ही मागता येत नाहीत, एक निवडा.

दवाखान्यात गेले होते मी, खोटं कशाला बोलू. डॉक्टरने फाईल उघडली, म्हणाला बाहेर जाऊ नका असं मी सांगितलं होतं तुम्हाला, लिहून देऊ शकतो, गुरुवारी शुक्रवारी कसं वाटत होतं? आणि मला ते पोहे आठवले. कढीपत्ता नव्हता म्हणून चिडचिड करत केलेले, दोन वाट्या खाल्लेले. शिवाय साडेसहाचा मेसेज, "बरी आहे, जाऊ का." मी म्हटलं बरं वाटत होतं. डॉक्टर म्हणाला मग राहू दे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, जास्तीचे सोळाशे येन सोडलेस होय गं, हरिश्चंद्राची अवलाद. तिचंही चुकलं नाही, अशक्तपणा तर होताच, एखादीने लिहून घेतलं असतं तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण खरं कारण प्रामाणिकपणा नव्हतं. मला विम्याकडून पैसे नको होते, मला ते कंपनीकडूनच हवे होते. विम्याने दिले असते तर पुढच्या जानेवारीत पुढच्या एएलटीला पुन्हा तसंच केक्किन लागलं असतं.

मेल लिहिला. जपानीत, शेजारच्या सेन्सेईंनी तपासून दिला, त्यांनी तीन ठिकाणी माफीचे शब्द वाढवले आणि एका ठिकाणी कमी केले, कुठे कमी करायचे हे त्यांनाच कळतं, मला अजून कळत नाही. मेलमध्ये आरोप नाही, फक्त क्रम. बुधवारी सकाळी ताप गेला. गुरुवारी साडेसहाला मी येऊ का विचारलं. पावणेसातला घरी राहा असं उत्तर आलं. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट. मग एक प्रश्न, हे दोन दिवस कुठल्या नियमाखाली धरलेत ते कृपया कळवा. आणि शेवटी, मी अमुक तारखेला लेबर ऑफिसला सल्ल्यासाठी गेले होते. हे वाक्य काकांनीच सुचवलेलं, धमकी वाटणार नाही अशा सुरात.

नऊ दिवस उत्तर नाही. मग को-ऑर्डिनेटरचा फोन, एकदम मऊ आवाज, हेड ऑफिसने तपासलं, या वेळी विशेष बाब म्हणून समायोजन करू. "विशेष बाब" हा शब्द मला टोचला, पण मी काही बोलले नाही. मार्चच्या स्लिपवर "इतर" या रकान्यात ९,००० आले. आपल्याकडचे पाच हजार रुपयांच्या आसपास. पदरात पडलं पवित्र झालं. न विचारता लावलेल्या दोन नेनक्यूंबद्दल मी बोलले नाही, खरं तर रजा कधी घ्यायची हे सांगण्याचा हक्क माणसाचा, कंपनीने परस्पर लावायची नसते, पण त्या दोन दिवशी मी त्या घेतल्याच असत्या. माझं कुठे चुकलं तेही लिहिते, मंगळवारच्या पहिल्याच मेसेजमध्ये मी विचारायला हवं होतं की हे दिवस कसे धरणार, आणि गुरुवारी नुसता अंगठा पाठवायला नको होता. काका म्हणाले होते, मेसेजऐवजी फोनवर विचारलं असतं तर आज माझ्याकडे रिकामे चौकोन भरायला काहीच नसतं. आणि को-ऑर्डिनेटरची बाजू सांगायची तर तोही आधी एएलटीच होता, चाळीसेक शाळा एकट्याने सांभाळतो, त्या दिवशी पावणेसातला त्याला अजून किती जणांचे मेसेज आले असतील देव जाणे.

एप्रिलमध्ये कंपनीने सगळ्यांना नवीन सूचना पाठवली, फ्लू झाल्यास दवाखान्यातून काम सुरू करण्याच्या तारखेबद्दल डॉक्टरचं मत घ्या आणि त्यानुसार रजेचा अर्ज करा. म्हणजे आता गुरुवारी आजारी होतो की नव्हतो हे डॉक्टर ठरवणार. हा बदल आमच्या फायद्याचा की तोट्याचा यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे.

लायसन्सचं मात्र राहिलंच. रजा संपल्या, परमिटचं वर्ष एप्रिलमध्ये संपलं, त्यामुळे सध्या पावसात रेनकोट घालून सहा किलोमीटर सायकल. ऑक्टोबरात नवीन रजा मिळतील, या वेळी अकरा, त्यातल्या सहा कंपनीच्या. उरलेल्या पाचांतली पहिली ट्रायलला. मान वळवायची प्रॅक्टिस सायकलवर चालू आहे, पाचवीतली पोरं रस्त्यात दिसली की मला बघून तशीच मान वळवून दाखवतात.